तंबी, इंगा, वा! भुसावळच्या एका मेसचा रिव्ह्यू, भिंतीसकट

भुसावळला स्टेशनच्या अलीकडच्या एका गल्लीत तमिळ मेस आहे. मेसला नाव नाही. बाहेर ‘मद्रासी जेवण मिळेल’ एवढीच पाटी, तीही अर्धी निंबाच्या फांदीआड. आत गेलं की समोरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने, देवनागरीत, अख्खा मेनू रंगवलेला दिसतो. हा रिव्ह्यू जेवणाचा आहे तेवढाच त्या भिंतीचाही आहे. जेवणाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढे वाचायला नको. पाचपैकी चार. जा, जेवा.

मी सावद्याला केळीच्या गाड्या भरून देतो. ट्रान्सपोर्टचं काम. टायर, बॅटरी, गॅरेज अशा भानगडींसाठी भुसावळला येणं होतंच, आणि मग दुपारचं जेवण इथे. भुसावळ गावच असं आहे की मुंबईहून आलेली लाईन इथे फुटते, एक नागपूरकडे जाते, दुसरी खंडवा-इटारसीकडे. रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र यांच्यापायी कुठकुठची माणसं आली आणि भुसावळकर होऊन बसली. मेसवाल्या बाई त्यांतल्याच, मूळच्या मदुराईकडच्या. नवरा रेल्वेतून रिटायर झालेला, तो गल्ल्यावर बसतो आणि बोलत नाही. बाईंना सगळे अक्का म्हणतात.

आता भिंत. वरून खाली वाचत गेलं तर असं आहे: पुळी सादम. वाळैप्पू वडै. वाळैक्काय पोरियल. तयार सादम. मोर. आणि खाली लाल रंगात, शुक्रवार स्पेशल, पाल पायसम. कशाचाही अर्थ कुठे दिलेला नाही.

माझ्याबरोबर एकदा रावेरचे एक व्यापारी आले होते. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मला हळूच विचारलं, “काय भो, इथं पुळी आहे, पू आहे. हे हॉटेल आहे का चामडीच्या डॉक्टरचा दवाखाना?”

तर पुळी म्हणजे तमिळमध्ये चिंच. पुळी सादम म्हणजे चिंचेचा भात: तिळाचं तेल, शेंगदाणे, हिंग, सुकी मिरची. भात गार झाल्यावर जास्त चांगला लागतो, म्हणून प्रवासाला नेतात. डबा बांधून मागितला तर अक्का देतात. माझे बरेच ड्रायव्हर इथूनच नेतात. आंबट आणि तिखट दोन्ही बरोबर आहे. काळ्या मसाल्याच्या शेवभाजीवर वाढलेल्या खान्देशी जिभेलाही तो मिळमिळीत वाटत नाही, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सांबाराबद्दल तसं म्हणता येणार नाही. सांबार ठीक. दोननंतर गेलात तर पातळ.

पू म्हणजे फूल. वाळै म्हणजे केळ. वाळैप्पू म्हणजे केळफूल. आमच्याकडे, जिथल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्या जिल्ह्यात, हे केळफूल कापून बांधावर टाकतात. घड पोसायला हवा, फूल काय कामाचं? कोकणात त्याची भाजी करतात हे ऐकून माहीत, पण आमच्या घरात ते कधी चुलीवर चढलं नाही. अक्कांकडे येणारी केळफुलं आमच्याच भागातल्या शेतातून फुकट येतात आणि वडै होऊन ३० रुपयांना दोन अशी आम्हालाच विकली जातात. याला म्हणतात धंदा.

ते साफ करणं मात्र बघण्यासारखं आहे. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर अक्का मागच्या ओट्यावर बसलेल्या असतात. आधी हाताला तेल. नाहीतर चीक लागून बोटं काळी पडतात आणि ते डाग साबणाला ऐकत नाहीत. मग जांभळी पाकळी उचलायची, तिच्याखाली फुलांची एक फणी निघते. प्रत्येक बारीक फुलात एक ताठ दांडी असते, टोकाला गाठ असलेली, ती शिजत नाही. तिच्याबरोबर एक पारदर्शक पापुद्रा असतो. दोन्ही काढायचे. एकेका फुलाचे. आत आत जाताना फुलं लहान होत जातात, शेवटी पांढरा कोंब उरतो, तो तसाच चिरतात. आणि चिरलेलं काळं पडू नये म्हणून सगळं ताकात टाकतात. ताक म्हणजे तमिळमध्ये मोर. म्हणजे इथे पू मोरात भिजतो. एवढ्या खटाटोपानंतर वडै कुरकुरीत निघतात, आत चणाडाळ भरड वाटलेली, बडीशेप आणि कांदा. या मेसमधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. तिच्यासाठी एक टायर लवकर बदलायला हरकत नाही.

मोराचं सांगायचं राहिलं. भिंतीवर ‘मोर २० रुपये’ असं लिहिलंय. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या कायद्याने त्याला हात लावायची सोय नाही, आणि इथे वीस रुपयांत ग्लासभर. एक कॉलेजचा पोरगा मोबाइलवर त्याचा फोटो काढताना मी पाहिलाय. काही गिऱ्हाईकं अक्कांच्या मागे लागलीत की मोर खोडा, सरळ ताक लिहा. मला ते पटत नाही. हे आपलं ताक नाहीच. आपण घरी लोणी काढून उरतं ते पितो, फार तर मीठ-जिरं, लग्नात मठ्ठा. अक्कांचा मोर एकदम पाण्यासारखा पातळ असतो, त्यात ठेचलेलं आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंग. उन्हाळ्यात, जेव्हा आमच्याकडे डांबर वितळतं, तेव्हा तो प्याल्यावर डोक्यातली आग अर्धी होते. ताक लिहिलं तर लोक ताक समजून मागतील आणि नाक मुरडतील. मोर लिहिल्यामुळे निदान विचारतात तरी.

तोंडी लावायला मागाल तर ‘मोर मिळगाय’ देतात. वाचा पुन्हा. मोर, मिळ, गाय. तमिळमध्ये मिळगाय म्हणजे मिरची. ताकात भिजवून उन्हात वाळवलेली आणि तळलेली. आपल्या सांडगी मिरचीच्या जवळची. ठेचा मागू नका, अक्का ठेचा ठेवत नाहीत आणि मागितला की त्यांचा चेहरा बदलतो.

पण भिंतीपेक्षा जास्त गंमत कानाला आहे. वाढायला एक पोरगा आहे, अठरा-एकोणीसचा. बाहेरच्या टेबलवर कुणी बसलं की अक्का आतून ओरडतात, “तंबी, इंगा वा!”

नवीन गिऱ्हाईक दचकतं. तंबी दिली, इंगा दाखवला आणि वर वा! म्हटलं. एका दमात तीन मराठी शब्द, तिन्ही शुद्ध, आणि अर्थ एकाचाही लागत नाही. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ, इंगा म्हणजे इकडे, वा म्हणजे ये. ‘बाळा, इकडे ये’ एवढंच. तो पोरगा शांतपणे येतो आणि आपण घाबरून सरळ बसलेले असतो.

आपली तंबी मूळची अरबी, तंबीह. फारसीतून आपल्याकडे आली. अक्कांची तंबी मदुराईची. एक उत्तरेकडून उतरली, एक दक्षिणेकडून चढली आणि दोन्ही गाड्या भुसावळला एकाच प्लॅटफॉर्मवर लागल्या. बाकी त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

हे सगळं मला एवढं का लागतं, तर माझ्या धंद्यात असल्या शब्दांनी पैसे जातात. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे, बस. आपल्याकडे चालू म्हणजे काय ते सांगायला नको. विजयवाड्याकडची गाडी भरत होती, ड्रायव्हर मागे उभा राहून हात हलवत म्हणतोय, चालु, चालु. हमाल म्हणतात, चालूच आहे ना भो! आणि क्रेट टाकताहेत. तो आवाज चढवतो, हे वेग वाढवतात. गाडी पासिंगच्या, म्हणजे परवानगी असलेल्या वजनाच्या, वर गेली, मग वरचे थर उतरवले, आणि उतरवण्याची हमाली कुणी द्यायची यावर संध्याकाळ झाली. बरं, उच्चारसुद्धा फसवा. आपण चालू म्हणताना जो च काढतो, ‘चार’ आकड्यातला नव्हे, गुरांच्या ‘चाऱ्या’तला, तोच दातांजवळचा च तेलुगू माणूसही काढतो. कानाने पकडायला काही जागाच नाही. आता आमच्या हमालांनी ड्रायव्हर कुठला ते आधी विचारायचं ठरवलंय, आणि हातवाऱ्यांवर जास्त विश्वास ठेवायचा.

माझी थोरली पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. ते शिकून पुढे काय करतात हे गावात अजून कुणाला नीट समजलेलं नाही, मलाही अर्धवटच. दिवाळीत आली तेव्हा तिला मुद्दाम या मेसमध्ये घेऊन गेलो. म्हटलं, बघ, तमिळ आणि मराठी किती जवळच्या आहेत, भिंतच्या भिंत आपल्या शब्दांनी भरलीय.

ती म्हणाली, “पप्पा, यांतलं एकही नातं खरं नाही.”

आणि केळीच्या पानावर, भात येण्याआधी, बोटाने रेघा मारत सांगायला लागली. आपला पू संस्कृतातल्या पूयापासून. आपला मोर मयूरापासून. आपली पाल पल्लीपासून. अक्कांचे पू, मोर, पाल त्यांच्या घरचे, द्राविडी. मराठी आणि तमिळ ही दोन वेगळी घराणी आहेत. द्राविडी भाषांचं घराणं वेगळं आहे हे रॉबर्ट काल्डवेलने १८५६ मध्ये तुलनात्मक व्याकरण लिहून मांडलं. शेजार मोठा, उसनवारीही आहे. आपण म्हणतो ते अक्का आणि अण्णा खरोखर दक्षिणेकडून आलेत, तिथे अर्थही जुळतो. पण पू आणि पू यांची नुसती गाठ पडलीय.

“मग खरं नातं कसं ओळखायचं?”

“चेहऱ्यावरून नाही. नेमावरून.” तमिळमध्ये दूध पाल, कन्नडमध्ये हालु. तमिळ पू, कन्नड हू. तमिळ पुळी, कन्नड हुळी. वाघ तमिळमध्ये पुलि, कन्नडमध्ये हुलि. शब्द सारखे दिसत नाहीत, पण तमिळच्या शब्दाच्या सुरुवातीला जिथे प आहे तिथे कन्नडने ह केलाय, आणि ते एकदा नाही, ओळीने. जुन्या कन्नडमध्येही प च होता, पुढे त्याचा ह झाला. ही सख्खी भावंडं. पाल आणि आपली पाल शंभर टक्के सारखी, पण परकी. चेहरा जुळला म्हणजे सोयरीक होत नाही, हे तर आमच्या लेवा समाजात पोरं बघणाऱ्या बायाही सांगतील.

मी विचारलं, मग एवढे जुळतात कसे? तर म्हणे शब्द किती लहान आहेत बघा. पू, वा, पाल, मोर. प आणि ऊ हे आवाज जगातल्या बहुतेक भाषांत आहेत, त्यांची जोडी कुणी रिकामी ठेवत नाही. ज्याच्या हाताला लागली त्याने आपला अर्थ भरला. लांब शब्द असा जुळत नाही. ‘वाळैप्पू’ मराठीत कशाशी जुळतं, सांगा. मी रसम येईपर्यंत विचार केला. नाही जुळलं.

कधी कधी तर आवाजही जुळतो आणि अर्थही, तरी नातं नसतं, हे मला सगळ्यात भारी वाटलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये म्बाबारम नावाची भाषा होती. तिच्यात कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. इंग्रजीतून घेतलेलं नाही. डिक्सन नावाच्या अभ्यासकाने माग काढला तर शेजारच्या यिदिञ भाषेत कुत्र्याला ‘गुदागा’ म्हणतात, आणि म्बाबारममधल्या नेहमीच्या बदलांनी त्याच जुन्या शब्दाचा डॉग होतो. गोरा माणूस नसता गेला तरी झाला असता. आणि जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप. आई म्हणजे देदा. मामा, बाबा, दादा हे बाळाच्या तोंडातून आधी निघणारे आवाज, जो तो आपल्याकडे ओढतो. आपण ते आईच्या भावाला दिले, जॉर्जियावाल्यांनी बापाला.

पलीकडच्या टेबलवर रेल्वेचे एक गार्ड जेवत होते, त्यांनी कान टवकारून ऐकलं आणि शेवटी न राहवून विचारलं, “म्हणजे तिकडं मामा बनवणं म्हणजे काय?” थोरलीला उत्तर देता आलं नाही.

अक्कांना हे सगळं सांगितलं तर त्या हसल्या. त्यांच्याकडून पाहिलं तर आपण विनोदी. तमिळमध्ये काय् म्हणजे कच्चं फळ, भाजीचं. वाळैक्काय म्हणजे कच्चं केळ, आणि मिळगायमध्ये शेवटी आहे तेही तेच. लग्न होऊन त्या भुसावळला आल्या तेव्हा बाजारात जो तो ‘काय? काय?’ करत होता. त्यांना वाटलं, या गावात लोक भाजीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. ‘ती काल आली’ ऐकलं तर ती म्हणजे आग, काल म्हणजे पाय. शेजारणी दारात उभ्या राहून आगीच्या आणि पायांच्या गोष्टी करताहेत असं अक्कांना महिनोन्महिने वाटायचं.

(वाळैक्काय पोरियल आहे बरं. कच्च्या केळीची सुकी भाजी, वर खोबरं. आमच्या केळीला शोभते. पण रोज नसते.)

असल्या जोड्या गोळा करायचा नाद लागला की थांबत नाही. आमच्या भागातून आखातात आणि इराणला केळी जातात, १३ किलोचं खोकं. अरबीत केळ म्हणजे मोज, फारसीतही मोज, आणि तो ज आपल्या मोजण्यातल्या ज च्या अगदी जवळ. खोक्यावर मोज लिहिलंय आणि खाली उभा माणूस खोकी मोजतोय. भाचा क्वालालंपूरला आहे, त्याने दुधाच्या खोक्याचा फोटो पाठवला, वर ठळक अक्षरात सुसू. मलय भाषेत दूध म्हणजे सुसू. त्याच भाषेत काकी म्हणजे पाय, आणि जपानीत काकी हे एक नारिंगी फळ. बायकोला सांगितलं, तर म्हणाली हे काकींसमोर बोलू नका.

पाल पायसमचं तेवढं स्पष्ट सांगतो, कारण शुक्रवारी बायका-मुलांना घेऊन जाल आणि भिंत वाचून परत फिराल. पाल म्हणजे दूध. शेवया किंवा तांदूळ दुधात आटवून केलेली खीर, वेलदोडा, काजू. आमच्याकडे पाल म्हणजे भिंतीवरची, पाल म्हणजे भटक्यांचा तंबू, आणि पाल म्हणजे रावेर तालुक्यातलं सातपुड्यातलं थंड हवेचं गाव. या तिन्हींपैकी काहीही त्या वाटीत नसतं. माझ्या समोर एका ताईंनी वाटी अशी लांब सरकवली होती की पायसम टेबलवर सांडलं. तंबीने येऊन पुसलं आणि दुसरी दिली, पैसे लावले नाहीत.

आता कापलेला एक गुण. पहिलं, भात. जाडा उकडा असतो. ज्यांना मोकळा, वासाचा भात लागतो त्यांनी आधीच पुळी सादम घ्यावं. दुसरं, हात धुवायच्या जागी नळ एकच आणि खाली सदा पाणी साचलेलं. राइस प्लेट १०० रुपये, रसम आणि भात पोटभर. त्या पैशात एवढं स्वच्छ रसम मिळतं, मिऱ्याचं, नाक मोकळं करणारं, तर नळही दोन असायला काय हरकत आहे? आणि तिसरं, ‘तयार सादम’. तमिळमध्ये दही म्हणजे तयिर. अक्कांनी पेंटरला तयिर सादम असंच सांगितलं होतं. पेंटर आपल्यातलाच, त्याला वाटलं बाईंचं मराठी कच्चं आहे, त्याने सुधारून दिलं. आता लोक समजतात आधीच करून ठेवलेला शिळा भात आहे आणि मागवत नाहीत. खरं तर ताजा दहीभात आहे, मोहरी-आल्याची फोडणी, वर डाळिंबाचे दाणे. भिंतीवरची बाकी सगळी अक्षरं आहेत तशी राहू द्या, एवढा एक काना बदला, असं मी गल्ल्यावर सांगून आलोय. त्यांनी मान हलवली. तमिळ मान आडवी हलते म्हणजे हो, हे मला आता कळतं.

कॉफीसाठी थांबा. फिल्टर कॉफी २५ रुपये, पितळी पेला आणि खाली पसरट वाटी, तिला अक्का डबरा म्हणतात. आपला डबरा म्हणजे खड्डा, पण यातून कॉफी ओतून गार करायची असते. साखर आधीच घातलेली असते, कमी हवी तर बसल्या बसल्याच सांगा.

जेवण साडेअकरा ते अडीच. संध्याकाळी पाच ते आठ फक्त वडै आणि कॉफी. रविवारी बंद. मोबाइलवरून पैसे चालतात, पण गल्ल्यावरचे काका मेसेज येईपर्यंत सोडत नाहीत. गल्लीत चारचाकी नेऊ नका, वळवायला जागा नाही. स्टेशनच्या पार्किंगला लावून चालत या. पायसम शुक्रवारी एकच्या आत मागा. नंतर गेलात तर तंबी हात हलवून ‘काली’ म्हणेल. देवीचं नाव नाही घेत तो, पातेलं रिकामं झालंय.